पाण्याखालची नावं

शालिग्राम गुरुजींनी शिकवलेलं एकही अक्षर खोटं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी त्यांना बरंच काही बोलणार आहे, आणि तुम्ही म्हणाल, तांड्यातला पोरगा, मास्तरावर जुना दात धरून बसलाय. धरलाच आहे. पण माणूस शिकवायला वाईट असता तर मी त्याला कधीच विसरलो असतो.

आमचं गाव रिठद आणि केनवडच्या मधलं. गावाला लागून मोठा सरकारी तलाव आणि तलावाच्या पलीकडच्या काठाला आमचा बंजाऱ्यांचा तांडा. मी हेमसिंग. माझा बाप सोमला अंबाडीचे दोर वळायचा. आईला आम्ही याडी म्हणतो, तिचं नाव रुपाबाई. ही गोष्ट सन चौतीसची, म्हणजे बारा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा चौथीत होतो आणि अख्ख्या तांड्यात लिहिता-वाचता येणारा मी एकटा. त्याचा मला फार ताठा होता.

शाळा म्हणजे कवेलूंच्या छपराची एक खोली, एक फळा आणि हिंदुस्थानचा एक नकाशा, ज्यातलं सिलोन उंदरांनी खाल्लेलं. पृथ्वीचा गोल नव्हता. गुरुजी चार वर्षं बोर्डाकडे गोलासाठी अर्ज करत होते आणि तोवर कवठावर खडूनं रेघा मारून आम्हाला खंड दाखवत होते. कवठ पिकलं की वर्गात वाटून खायचं आणि दुसरं आणायचं. "आज आफ्रिका कोणाले पाह्यजे?" असं विचारायचे. शिकवताना ते पुस्तकातलं बोलत आणि लाडात किंवा रागात आले की वऱ्हाडी.

भूगोलाच्या पुस्तकात समुद्राच्या तळाबद्दल एकच ओळ होती : समुद्राचा तळ माती व वाळू यांनी आच्छादलेला असतो. गुरुजींनी ती वाचली, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "बस? एवढाच?"

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. समुद्र त्यांनीही पाहिला नव्हता. पण कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं होतं, की जहाजावरून लांबच लांब दोर सोडतात. दोराच्या टोकाला वजन असतं, वजनाच्या बुडाला चरबी फासलेली असते. दोर किती गेला त्यावरून खोली कळते, आणि चरबीला जे चिकटून येतं त्यावरून तळाला काय आहे ते कळतं. आता तर म्हणे नुसता आवाज सोडतात, तो तळाला आपटून परत येतो आणि किती वेळानं आला त्यावरून खोली काढतात. अशी मोजत मोजत माणसांनी पाण्याखालची दुनिया शोधली. तिथं डोंगर आहेत, दऱ्या आहेत, आगीचे पहाड आहेत.

"आपल्या वावरातली माती पावसात वाहून कुठं जाते?" त्यांनी विचारलं.

"नाल्यात," आम्ही म्हणालो.

"नाल्यातून पैनगंगेत. पैनगंगेतून वर्धेत, पुढं गोदावरीत, आणि गोदावरी तिला बंगालच्या समुद्रात नेऊन सोडते. तुमच्या आज्यानं नांगरलेली माती आज समुद्राच्या तळाशी बसलेली आहे. थर दर थर."

जानराव पाटलाचा जगदेव माझ्याच वर्गात. तो म्हणाला, "म्हंजे समुद्रात आमचं वावर हाये, गुरुजी?" सगळे हसले. गुरुजीही हसले आणि म्हणाले, "समुद्र नाही, पण तलाव तर आहे आपल्याकडे. चला, तळ पाहू."

दिवाळी नुकतीच झाली होती, तलाव काठोकाठ भरलेला. गुरुजींनी भोयाचा डोंगा मागून आणला. दोर माझ्या बापानं दिला, नवाकोरा, अंबाडीचा. त्याला दर हातावर एक अशा मी अठरा गाठी मारल्या. वजन म्हणून गुरुजींच्या बायकोचा तुटका वरवंटा आणि चरबीच्या जागी याडीनं मधाच्या पोळ्यातून काढून ठेवलेलं मेण. डोंग्यात भोई, गुरुजी, जगदेव आणि मी. बाकीची पोरं तलावाच्या बांधावर, पाळीवर पाट्या घेऊन बसलेली. दोर सोडायचं काम माझं. वरवंटा तळाला टेकला की हाताला एक बारीक ठोका लागायचा. मी ओरडायचो, "सात हात!" आणि पाळीवरची तीस पोरं एकसुरात ओरडायची, "सात हात!" असा भूगोल मी पुढं जन्मात पाहिला नाही.

नाला जिथं तलावात उतरतो तिथं मेणाला गोटे आणि जाड रेती चिकटून आली. जरा पुढं बारीक रेती. त्याही पुढं मऊ काळा गाळ, लोण्यासारखा. "पाणी पळतं तेव्हा सगळं उचलतं," गुरुजी म्हणाले. "दम लागला की जड ते आधी टाकतं, हलकं ते लांब नेतं. समुद्रातही हेच. नदीच्या तोंडाशी रेती, लांबवर चिखल." एका जागी वरवंटा खणकन वाजला आणि मेण कोरंच आलं. तो खडकाचा कणा होता, पाण्याखालून आडवा गेलेला. गुरुजींनी सांगितलं, हा आपला काळा दगड एके काळी पातळ रस होता, जमिनीतून उकळून वर आला. समुद्राच्या तळाशी आजही असा रस वर येतो आणि पाण्यात थिजून डोंगर होतो.

एक दिवस त्यांनी घाटाच्या पायरीवर बादलीभर गढूळ पाणी हळूच ओतलं. मला वाटलं, पसरेल आणि विरून जाईल. ते विरलं नाही. नितळ पाण्याखालून, पायऱ्यांना धरून, ते सरपटत खाली खोल निघून गेलं. वरचं पाणी तसंच स्वच्छ. "पाहा," गुरुजी म्हणाले, "मातीनं जड झालेलं पाणी तळातळानं जातं. वरच्याला पत्ता लागत नाही." मी तोंड उघडं टाकून पाहत राहिलो. हा माणूस माझा देव होता, दुसरा शब्द नाही.

आणि देवापुढं जीभ सैल सुटते. दोर वर आला, मेणाला तो लोण्यासारखा गाळ लागलेला दिसला आणि मी बोलून गेलो, "गुरुजी, हा कमलीचा गाळ."

"कोण कमली?"

"कमलीबाई. आमच्या तांड्यातली म्हातारी. अथीच लावते ते टरबुजं. त्याच्या पलीकडं रुपाचा वाफा हाये, आमच्या याडीचा. मंग काकडवट. त्या खडकाच्या अंगाले मातर काही लावायचं नाही, तथी वरून काळं दिसते पन खाली वीतभरच माती हाये."

गुरुजींचे डोळे चमकले. "तुले पान्याखालचं एवढं कसं ठाऊक, बे?"

ठाऊक असणारच. उन्हाळ्याकडे तलाव आटत जातो, तशी तळाची जमीन उघडी पडते. त्या ओल्या गाळात आमचा तांडा टरबुजं, काकड्या लावायचा. तांड्यात कोणाकडेच वावर नव्हतं. चैत्र-वैशाखात केनवडच्या बाजारात तोच माल विकून आम्ही पावसाळ्यापर्यंत खायचो. याचा कागद कुठं नव्हता. म्हशीचा दगड ही आमची पाण्यातली खूण; पाणी त्याच्या खाली उतरलं की तांड्याचा नाईक मोहनसिंग सगळ्यांना बोलवायचा, नावाचे तुकडे ज्याचे त्याला आणि उरलेल्यांच्या खडे टाकून वाटण्या व्हायच्या. गावातले लोक नादी लागत नसत, कारण चांगला गाळ कुठं आणि फसवा कुठं हे त्यांना कळत नसे. तीन वर्षांमागं जानराव पाटलानं हौसेनं गाळात टरबुजं लावली होती, नेमकी खडकावर. चैत्रात वेल करपले आणि बाजारात जो तो त्याला विचारायचा, "काय पाटील, टरबुजं काय भाव देल्ले?" पाटलाला ते फार लागलं होतं.

मी गुरुजींना अकरा नावं सांगितली. मोजमापावरून ते तलावाच्या तळाचा नकाशा काढत होते, त्यावर त्यांनी ती नावं जागच्या जागी माझ्याकडूनच लिहवून घेतली, माझं अक्षर चांगलं म्हणून. खोलीच्या रेघा, रेती, गाळ, खडक आणि अकरा नावं.

घरी येऊन मी मोठ्या ऐटीत याडीला सांगितलं. ती भाकर थापत होती. तिचा हात थांबला.

"नावं सांगतले तू?"

"हो."

"पान्याखाली असताना?"

आमच्यात एक रीत होती. तळाची जमीन पाण्यातून वर आल्याशिवाय तिचं नाव तांड्याबाहेर घ्यायचं नाही. नाव घेतलं तर गाळ आटतो, असं म्हातारे सांगायचे. मी शाळेत जाणारा शहाणा, मी म्हणालो, नावानं कुठं गाळ आटतो का, गाळ तर नाला आणतो. याडी माझ्यावर रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तुह्या गुरुजीले म्हन, पोहरादेवीची आन घ्या, का हे कोनाले दाखवनार नाही म्हनून."

दुसऱ्या दिवशी मी लाजत लाजत गुरुजींना ते सांगितलं. ते हसले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हेमसिंग, ज्ञानाला आणभाक लागत नाही. माझा शब्द घे. हा नकाशा शाळेच्या भिंतीवरून हलणार नाही." पुस्तकी भाषेत म्हणाले. तेव्हा मला ते जास्तच पक्कं वाटलं.

पौषात नकाशा भिंतीवरून हलला. खिळा रिकामाच राहिला. मी विचारलं तर म्हणाले, शाळा तपासणाऱ्या डिप्टी साहेबांना दाखवायला नेला आहे. मला उलट अभिमान वाटला. माझं अक्षर डिप्टीपर्यंत गेलं! तांड्यात घरोघर सांगत फिरलो.

संक्रांतीनंतर पाटलाच्या बैलांच्या दमणीतून गवतात गुंडाळलेली एक पेटी शाळेत आली. आत पृथ्वीचा गोल. पितळी आसावर फिरणारा, निळा, चकचकीत, अकोल्याहून आणलेला. गुरुजींनी तो धोतराच्या सोग्यानं पुसला आणि फिरवून पाहिला. त्यांचे डोळे भरून आले होते. आम्ही टाळ्या पिटल्या. जानराव पाटील दारात उभे राहून म्हणाले, "पोट्टे शिकले पाह्यजेत, मास्तर." मी सगळ्यात जोरात टाळ्या पिटल्या, हे मी आजही विसरत नाही.

माघात पाणी म्हशीच्या दगडाखाली उतरलं. मोहनसिंग नाईकानं हाक दिली, बायामाणसं कुदळी आणि बियाणं घेऊन तळात उतरली. बघतो तर ओल्या गाळात खुंट्या ठोकलेल्या. खुंटीला खुंटी दोरी बांधलेली. पलीकडे पाटलाची चार माणसं आणि छत्री घेऊन स्वतः पाटील.

पाटील ओरडले नाहीत, शिवीगाळ नाही. त्यांनी एक कागद पुढं केला. तळाची जमीन सरकारची, सरकारनं ती त्यांना मक्त्यानं दिली, तहसिलीचा शिक्का पाहा. "पुरा तलाव नाही घेतला म्या," ते म्हणाले. "लिवलं तेवढाच. बाकीचा तुमचाच हाये की."

मोहनसिंगानं कागद घेतला, उलटा धरला, सुलटा धरला आणि माझ्याकडे दिला. "वाच, लेकरा. तूच हाये आमचा वाचनारा."

मी वाचायला लागलो. मौजे, तालुका, सन. मग हद्दी आल्या. पूर्वेस म्हशीचा दगड. पश्चिमेस नाल्याची रेती. मक्त्यात दिलेले तुकडे येणेप्रमाणे : कमलीचा गाळ. काकडवट. मी थांबलो. नाईक म्हणाला, "वाच ना." रुपाचा वाफा. मी मान वर केली नाही. याडी माझ्यासमोर उभी होती, ओंजळीत बी घेऊन. अकरापैकी नऊ नावं त्यात होती. सोडली होती ती दोनच, खडक आणि गोट्यांची रेती. कागदाच्या मागं नकाशा डकवलेला होता. नक्कल नाही, तोच. खालच्या कोपऱ्यात माझा 'ळ', ज्याला मी नेहमी एक वेटोळं जास्त काढायचो.

कमलीबाई म्हातारी जवळ आली. तिला वाचता येत नव्हतं, पण तिनं आपलं नाव ऐकलं होतं. तिनं विचारलं, "मावं नाव सरकारले कोनं सांगतलं?"

याडीनं ओंजळीतलं बी परत पदरात बांधलं आणि ती काठाकडे चालू लागली. सगळा तांडा तिच्यामागं गेला. मी कागद पाटलाच्या हातात दिला तेव्हा जगदेव तिथंच होता. तो वाईट पोरगा नव्हता. हळूच म्हणाला, "मले वाटलं तुले मालूम हाये. गुरुजीच घेऊन आल्ते घरी. बापानं गोल कबूल केला, मंग देल्ला त्यायनं."

मी शाळेत धावत गेलो. गुरुजी एकटेच होते, गोलावरची धूळ पुसत होते. धूळ नव्हतीच.

"तुमी शब्द देल्ला होता," मी म्हणालो.

त्यांनी गोलावरून हात काढला. मग पुस्तकी भाषा सुरू झाली. "हेमसिंग, नकाशा दाखवण्यासाठीच असतो. मी तो विकला नाही. पाटील शाळेच्या कमिटीवर आहेत, त्यांनी पाहायला मागितला. मला कशाची कल्पना नव्हती."

"मंग गोल कसा आला?"

"तो शाळेसाठी आला. माझ्या घरासाठी नाही. तूही त्यावरच शिकणार आहेस ना?"

मी उभाच राहिलो. ते म्हणाले, "आणि हे बघ, तळ काही कायमचा नसतो. मीच शिकवलं ना तुम्हाला? नाल्याचं तोंड सरकतं, गाळाच्या जागा बदलतात. चार-पाच पावसाळ्यांत हा नकाशा खोटा ठरेल."

"तोवर आमी काय खाव?"

याचं उत्तर त्यांना वऱ्हाडीत द्यावं लागलं असतं. त्यांनी गोल माझ्याकडे फिरवला, जणू मी खेळणं पाहून गप्प होणारं लेकरू होतो. मला त्या माणसाचा इतका राग आला की रडूच आलं, आणि त्यांच्यासमोर रडलो म्हणून आणखी राग आला. शत्रूनं लुबाडलं तर माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. इथं शिव्या कोणाला देणार? नावं मीच सांगितली, अक्षर माझं, दोर माझ्या बापाचा, मेण माझ्या आईचं. गुरुजींनी फक्त खिळ्यावरून उतरवून नेलं.

फाल्गुनात डिप्टी साहेब तपासणीला आले. गुरुजींची वाशिमच्या मोठ्या शाळेत बढतीची गोष्ट चालू होती. दोन दिवस आधी ते तांड्यात आले होते, पहिल्यांदाच. माझ्या बापाला म्हणाले, "पोराले पाठवा. त्याच्यासारखं कोनी सांगू शकत नाही." बाप दोर वळत होता, त्यानं मान डोलावली. मी गेलो.

डिप्टी साहेबांनी गोल पाहिला, वाखाणला. गोलावर समुद्र निळा गुळगुळीत होता, तळाचा कुठं मागमूस नाही. मग साहेब म्हणाले, "मास्तर, तुमच्या तलावाच्या प्रयोगाबद्दल ऐकलंय. कोण विद्यार्थी सांगेल, समुद्राचा तळ कसा बनतो?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. "हेमसिंग, ऊठ."

मी उठलो. मला सगळं येत होतं. रेती आधी, गाळ नंतर. आगीचे पहाड. नितळ पाण्याखालून सरपटत जाणारं गढूळ पाणी. ते सगळं माझ्या तोंडाशी आलं, आणि खरं सांगतो, सांगावंसंही वाटलं. त्याचीच मला सगळ्यात जास्त चीड आली.

"बोल बाळ," साहेब म्हणाले. "पाण्याखाली काय आहे?"

"पान्याखालचं सांगू नाही, साहेब," मी म्हणालो. "आमच्यात रीत हाये."

वर्ग हसला. साहेबही हसले आणि म्हणाले, "या लोकांच्या अंधश्रद्धा!" गुरुजी हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि गोलावर हात ठेवून उभे राहिले. त्यांना कळलं होतं. साहेबांनी मग जगदेवाला उठवलं आणि त्यानं घडाघडा सगळं सांगितलं, माझ्याहून चांगलं. गुरुजींना बढतीही मिळाली. एका पोरानं गप्प बसून कोणाचं काही अडत नसतं.

होळी झाली आणि तांड्यातली निम्मी घरं उठली, आमचंही. पलीकडं निजामाच्या मोगलाईत रस्त्याचं काम निघालं होतं, गिट्टी फोडायला माणसं हवी होती. पाटी-दप्तर मी घरातच ठेवलं. गाठोडं बांधायला बापानं दोर काढला, तोच, अठरा गाठींचा. गाठी आड येत होत्या, फास सरकेना.

याडी खाली बसली आणि एकेक गाठ सोडू लागली. मीही शेजारी बसलो. भिजून वाळलेल्या अंबाडीच्या गाठी त्या, दगड झालेल्या. ती दातानं सोडत होती. इतके दिवस तिनं त्या नकाशाचा विषय काढला नव्हता. मान वर न करता तिनं विचारलं, "समुद्राच्या खाली खरंच पहाड हायेत का रे?"

"हायेत," मी म्हणालो.

"कोनं सांगतलं?"

मी नाव घेतलं नाही. अकरा गाठी सुटल्या, सात सुटल्याच नाहीत. बापानं त्या तशाच ठेवून गाठोडं बांधलं आणि आम्ही निघालो.